तळव्यावरचा काळा डाग: ॲक्रल मेलानोमा आणि वांशिक विषमतेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

त्वचेच्या या दुर्मीळ कॅन्सरबद्दल लिहायला लागल्यापासून वाचकांचे प्रश्न सतत येत आहेत. काही गावाकडून, काही पुण्या-मुंबईहून, बरेचसे अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी घरांतून. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्या उत्तरात असेल, तर तिथे तो क्रमांक दिला आहे. पायावर आत्ता एखादा डाग दिसत असेल आणि म्हणून तुम्ही हे वाचत असाल, तर आधी प्रश्न ८ वाचा. बाकीचं नंतर वाचता येईल.

१. ॲक्रल मेलानोमा म्हणजे नेमकं काय?

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना मेलानोसाइट म्हणतात आणि त्यांच्या कॅन्सरला मेलानोमा. तो अंगावर कुठेही होऊ शकतो. तळपाय, तळहात किंवा नखाखालची जागा इथे झाला, तर त्याला ॲक्रल म्हणतात. ग्रीक भाषेत 'ॲक्रॉन' म्हणजे टोक. हातापायांच्या टोकांशी होणारा म्हणून हे नाव. हातांपेक्षा पायांवर तो कितीतरी जास्त आढळतो.

लंडनचे शल्यचिकित्सक जोनाथन हचिन्सन यांनी १८८६ मध्ये नखाखालच्या अशा गाठीचं वर्णन केलं होतं. नखुर्डं समजून फसावं अशी ती काळी गाठ होती. १९७६ मध्ये रीड या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टने सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या त्याच्या खास प्रकाराला 'ॲक्रल लेंटिजिनस मेलानोमा' असं नाव दिलं. म्हणजे हा आजार वैद्यकाला बराच आधीपासून माहीत आहे. तरीही तो उशिरा ओळखला जातो, आणि या पानावरचे बहुतेक प्रश्न त्याच उशिरातून आलेले आहेत.

२. हा किती दुर्मीळ आहे?

अमेरिकेत सगळ्या मेलानोमांपैकी साधारण २ ते ३ टक्के. तिथल्या राष्ट्रीय कॅन्सर नोंदणीतल्या १९८६ ते २००५ या काळातल्या १,४१३ रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार दर दहा लाख लोकांमागे वर्षाला सरासरी १.८ जणांना तो होतो. एखाद्या फॅमिली डॉक्टरच्या उभ्या कारकिर्दीत असा एकही रुग्ण समोर न येणं सहज शक्य आहे. भारतातल्या आकड्यांसाठी प्रश्न १६ पाहा.

३. सावळ्या-काळ्या त्वचेच्या लोकांना हा कॅन्सर जास्त होतो, असं वाचलं. खरं आहे का?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यांत जास्त चुकीचा समजला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

वर सांगितलेल्या अमेरिकी अभ्यासात गोऱ्या लोकांच्या एकूण मेलानोमांत ॲक्रल प्रकार जेमतेम १ टक्का होता. लॅटिन अमेरिकी वंशाच्या, ज्यांना तिथे हिस्पॅनिक म्हणतात, गोऱ्यांमध्ये ९ टक्के. आशियाई आणि पॅसिफिक बेटांवरच्या लोकांमध्ये १८ टक्के. काळ्या लोकांमध्ये ३६ टक्के. हे आकडे एकाखाली एक मांडले की वाटतं, काळ्या त्वचेला धोका छत्तीसपट आहे.

आता त्याच अभ्यासातला दुसरा आकडा. दर दहा लाख लोकांमागे किती जणांना हा कॅन्सर होतो, हे मोजलं तर गोरे आणि काळे यांच्यात फरक जवळपास नाही. आशियाई लोकांचा दर त्याच्या आसपास, हिस्पॅनिकांचा थोडा जास्त.

मोठ्या पातेल्यातल्या आमटीत आणि छोट्या वाटीतल्या आमटीत चमचाभरच तिखट घातलं, तर वाटीतली आमटी जाळ लागते. तिखट तेवढंच आहे, आमटी कमी आहे. गोऱ्या लोकांना उन्हामुळे होणारे मेलानोमा इतके होतात की त्या ढिगात ॲक्रल हरवून जातो. अमेरिकेत गोऱ्या माणसाला आयुष्यात मेलानोमा होण्याची शक्यता साधारण ३३ मध्ये एक, हिस्पॅनिक माणसाला २०० मध्ये एक, काळ्या माणसाला १,००० मध्ये एक. काळ्या माणसाला उन्हाचे मेलानोमा क्वचितच होतात, त्यामुळे जे थोडे होतात त्यात ॲक्रलचा वाटा मोठा दिसतो.

म्हणून बरोबर वाक्य असं आहे: हा कॅन्सर सगळ्या रंगाच्या लोकांना जवळपास सारखाच होतो, पण गडद त्वचेच्या माणसाला मेलानोमा झालाच, तर तो तळव्यावर किंवा नखाखाली असण्याची शक्यता बरीच मोठी असते. जपान आणि चीनमध्ये, तसंच मेक्सिकोतल्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत, हाच मेलानोमाचा सर्वांत नेहमीचा प्रकार आहे.

४. ऊन लागत नाही अशा जागी होतो, मग कारण काय?

तळव्याला ऊन लागत नाही आणि तिथली त्वचा जाड असते. या गाठींच्या जनुकांत अतिनील किरणांच्या खुणाही फारशा सापडत नाहीत. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मेलानोमांच्या संपूर्ण जनुकसंचाची वाचणी प्रसिद्ध केली, तेव्हा ॲक्रल गाठींत गुणसूत्रांची मोठी मोडतोड दिसली. काही तुकडे तुटलेले, काही भलतीकडे जोडलेले, काहींच्या अनेक प्रती झालेल्या. उन्हाच्या मेलानोमांत बारीक बारीक बदलांची प्रचंड गर्दी असते. इथली गोष्ट वेगळी आहे.

ही मोडतोड कशाने होते, याबद्दल दोन धागे हाती लागलेत. जपानच्या शिन्शू विद्यापीठातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी २०१६ मध्ये तळपायावरच्या गाठींचा नकाशा मांडला. टाच आणि चवडा, म्हणजे चालताना भार येतो तिथे गाठी जास्त होत्या. पावलाच्या कमानीत कमी. दुसरा धागा २०२२ चा. झेब्राफिश या छोट्या माशावरच्या प्रयोगांत दिसलं की शरीराच्या कोणत्या भागात पेशी बसली आहे, त्यावरही कोणतं बिघडलेलं जनुक तिथे कॅन्सर करू शकेल हे ठरतं. धडावर निरुपद्रवी ठरलेला बिघाड परांवर गाठ करत होता, आणि माशाचे पर म्हणजे आपले हातपाय.

यावरून कुणी अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्याला किंवा वारकऱ्याला घाबरवू नये. चालल्याने कॅन्सर होतो असं कुणीही सिद्ध केलेलं नाही. भार येणाऱ्या जागा नीट पाहाव्यात, एवढंच त्यातून घ्यायचं.

५. बॉब मार्लीला फुटबॉल खेळताना पायाला लागलं आणि त्यातून कॅन्सर झाला, असं म्हणतात. मार लागून होतो का?

जमैकाचे गायक बॉब मार्ली यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये मेलानोमा सापडला. फुटबॉल खेळताना त्या अंगठ्याला इजा झाली होती, म्हणून ती जखमच असावी असं आधी वाटलं. अंगठा काढण्याचा सल्ला त्यांनी धार्मिक श्रद्धेमुळे मानला नाही; नख आणि आजूबाजूचा थोडा भाग काढला गेला. सप्टेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावताना ते कोसळले. तोवर आजार मेंदूपर्यंत गेला होता. ११ मे १९८१ ला मायामीत ते गेले. वय ३६.

मारामुळे गाठ झाली असं म्हणायला आधार नाही. पण मार लागला की आपण त्या जागेकडे पाहतो, आणि आधीपासून तिथे असलेली गाठ तेव्हा दिसते. दुसरा धोका जास्त मोठा: "ठेच लागली होती ना, त्याचंच रक्त साकळलंय" म्हणून महिने निघून जातात. साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं आणि त्याच्या मागे स्वच्छ नख येतं. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष लागतं, पण दोनेक महिन्यांत डाग थोडा पुढे गेलेला दिसायलाच हवा. जागचा हलत नसेल, तर दाखवा.

६. वेगवेगळ्या वंशांच्या रुग्णांच्या वाचण्यात किती फरक पडतो?

सर्व मेलानोमा एकत्र धरले, तर अमेरिकेत निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्या गोऱ्या रुग्णांचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर आहे. काळ्या रुग्णांचं सुमारे ७०. ज्यांना हा आजार कमी होतो, ते झाल्यावर जास्त मरतात.

यातला काही फरक प्रकारामुळे आहे, कारण त्यांच्यात ॲक्रलचा वाटा मोठा. म्हणून फक्त ॲक्रलचेच आकडे पाहिले पाहिजेत. प्रश्न २ मधल्या अभ्यासात, या कॅन्सरने मृत्यू न आलेल्यांचं प्रमाण पाच आणि दहा वर्षांनी असं होतं: गोरे सुमारे ८३ आणि ६९ टक्के, काळे ७७ आणि ७१, हिस्पॅनिक गोरे ७३ आणि ५७, आशियाई व पॅसिफिक बेटांवरचे ७० आणि ५४.

एका वाचकाने बारकाईने विचारलं होतं की दहा वर्षांच्या आकड्यात काळे रुग्ण गोऱ्यांच्या पुढे कसे. रुग्णसंख्या मुळातच लहान आहे, त्यामुळे दोन टक्क्यांच्या फरकावर काही उभारू नये. पण आशियाई आणि हिस्पॅनिक रुग्णांची १२ ते १५ टक्क्यांची दरी नजरेआड करण्याजोगी नाही. आपल्याकडे हा विषय निघाला की तो 'अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा प्रश्न' म्हणून ऐकला जातो. या आजारात सर्वांत खालचा आकडा आशियाई लोकांचा आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

७. हा फरक रक्तातच असतो, की उपचार उशिरा मिळाल्यामुळे पडतो?

मेलानोमात सर्वांत मोलाचा आकडा म्हणजे गाठीची जाडी. ॲलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये दाखवलं की गाठ त्वचेत किती मिलिमीटर खोल गेली आहे, त्यावर पुढचं बरंचसं ठरतं. वरच्या थरातच असताना काढली, तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात. चार मिलिमीटरच्या पुढे गेली, की चित्र पालटतं. प्रश्न ६ मधल्या अभ्यासात आशियाई आणि हिस्पॅनिक रुग्णांच्या गाठी निदानाच्या वेळी जास्त जाड आणि पुढच्या टप्प्यातल्या होत्या. न्यूझीलंडच्या माओरी लोकांतही तेच दिसतं: मेलानोमा कमी, पण सापडतो तेव्हा जाड.

ही जाडी म्हणजे साठलेला वेळ. तो कुठे साठतो? आधी घरात, कारण तळवा रोज कुणी उलटून पाहत नाही. मग दवाखान्यात, कारण भोवरी, चामखीळ, चिखल्या किंवा मधुमेहाची जखम समजून मलम दिलं जातं. मग विम्याच्या खिडकीवर. नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या रुग्णांच्या नोंदींवरून २०१७ मध्ये दिसलं की गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेतल्या मेलानोमाच्या रुग्णांची शस्त्रक्रिया सहा आठवड्यांपेक्षा जास्त लांबण्याची शक्यता खासगी विमा असलेल्यांपेक्षा अधिक होती. निदान झाल्यानंतर हा उशीर झालेला आहे, म्हणजे इथे रोग न ओळखल्याची सबबही चालत नाही.

जीवशास्त्राचा काहीच वाटा नाही, असंही म्हणता येत नाही. ॲक्रल मेलानोमा मुळातच हट्टी आहे आणि नव्या औषधांना कमी दाद देतो (प्रश्न १३). पण तो हट्टीपणा गोऱ्या रुग्णाच्या टाचेतही असतो. एकाच आजारात दोन समाजांमध्ये पडणारी दरी समजून घ्यायची, तर मी आधी जाडीकडे आणि तिच्यामागच्या महिन्यांकडे बघेन; रक्ताकडे त्यानंतर.

८. पायावर, हातावर नेमकं काय पाहायचं?

मेलानोमासाठी सांगितली जाणारी नेहमीची यादी (आकार वेडावाकडा, कडा अस्पष्ट, रंग अनेक) अंगावरच्या तिळांसाठी केलेली आहे. तळव्यावर ती बऱ्याचदा फसते. इंग्लंडमधल्या पायांच्या तज्ज्ञांनी २०१० मध्ये पायासाठी वेगळी पाच लक्षणं सुचवली. डागाला त्वचेपेक्षा वेगळा रंग आहे. निदान नक्की झालेलं नाही. रक्त किंवा पाणी येतं. डाग किंवा गाठ वाढतेय, उपचार चालू असूनही. आणि दोन महिने झाले तरी जखम भरत नाही. यातली दोन लागू पडली, तरी तज्ज्ञाला दाखवा.

महिन्यातून एकदा आंघोळीनंतर उजेडात बसून टाच, चवडा, बोटांच्या बेचक्या आणि वीसही नखं पाहा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे पाय दुसऱ्याने पाहावेत. तेल चोळताना पाहिले तरी पुरे.

गडद त्वचेच्या अनेकांच्या तळव्यांवर जन्मापासून किंवा वयानुसार फिकट तपकिरी ठिपके असतात. ते बहुधा निर्धोक असतात. नवा, एकटा, वाढणारा, बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसणारा डाग वेगळा काढायचा.

९. माझ्या बऱ्याच नखांवर लहानपणापासून उभ्या काळ्या रेघा आहेत. काळजी करू का?

अनेक नखांवर, वर्षानुवर्षं तशाच असलेल्या रेघा गडद त्वचेत अगदी सामान्य आहेत. अमेरिकेतल्या काळ्या प्रौढांपैकी बहुतेकांना पन्नाशीपर्यंत एखादी तरी रेघ असते. मात्र याच सामान्यपणामुळे "आमच्यात असतंच" म्हणून खरी गाठही सोडून दिली जाते.

एकाच नखावर, विशेषतः हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यावर, मोठेपणी नव्याने आलेली रेघ दाखवावी. तीन मिलिमीटरपेक्षा रुंद, कडा पुसट झालेली, मुळाशी रुंद आणि टोकाशी अरुंद, अशी रेघ तर नक्कीच. आणि नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर काळेपणा पसरला असेल, तर आठवडा थांबू नका. प्रश्न १ मधल्या हचिन्सन यांच्या नावाने ही खूण आजही ओळखली जाते. लहान मुलांच्या नखांवरच्या रेघा मात्र जवळपास नेहमीच निरुपद्रवी असतात. त्वचारोगतज्ज्ञाला एकदा दाखवून लक्ष ठेवलं की झालं.

१०. गाठ काळीच असते ना?

नाही. काही ॲक्रल गाठींत रंगच नसतो. त्या लालसर, मांसल, ओलसर दिसतात आणि नखाजवळ असल्या तर नखुर्डं किंवा आत रुतलेलं नख वाटतात. यांचंच निदान सर्वांत उशिरा होतं. रंग नसेल तेव्हा प्रश्न ८ मधलं शेवटचं लक्षण धरून चाला: दोन महिन्यांत भरलं नाही, तर तुकडा तपासायलाच हवा.

११. भोवरीवर आम्ही बिब्बा लावतो, किंवा मेडिकलमधली कॉर्नची पट्टी लावतो. चालेल का?

बिब्ब्याने कातडी भाजते, कॉर्नपट्टीतल्या ॲसिडने वरचा थर सोलला जातो. खरी भोवरी असेल तर त्रास थोडा कमी होईलही. पण खाली मेलानोमा असेल, तर भाजलेल्या जागेवर डॉक्टरांना काहीच ओळखू येत नाही आणि "औषधाचीच जखम आहे" म्हणून आणखी दोन महिने जातात. ब्लेडने घट्टा तासणाऱ्यांचंही तेच. भोवरीत त्वचेवरच्या रेषा साधारण दिसत राहतात आणि तासली की मधे पिवळट, काचेसारखा कठीण गाभा लागतो. काळा रंग, रक्त किंवा ओल दिसली, तर तिथे काहीही लावू नका.

मधुमेह असलेल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. न भरणारी पायाची जखम महाराष्ट्रात घरोघरी ओळखीची आहे, आणि ती बहुधा मधुमेहाचीच असते. तरीही साखर ताब्यात आणून, भार कमी करून, ड्रेसिंग करूनही जी भरत नाही, तिचा तुकडा तपासायला सांगा.

१२. डॉक्टरांनाच का ओळखता येत नाही?

दुर्मीळपणा हे एक कारण. दुसरं कारण शिक्षणातलं आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय अभ्यासक्रमातल्या चार प्रमुख पाठ्यपुस्तकांतली चार हजारांहून जास्त चित्रं तपासली गेली. गडद त्वचेची चित्रं साडेचार टक्क्यांच्या आसपास निघाली. जे डोळ्यांनी कधी पाहिलंच नाही, ते डोळे ओळखणार कसं? लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठात शिकणाऱ्या मलोन मुकवेंडे या विद्यार्थ्याला हाच प्रश्न पडला. त्याने दोन शिक्षकांबरोबर २०२० मध्ये 'माइंड द गॅप' ही सावळ्या-काळ्या त्वचेवरच्या लक्षणांची पुस्तिका काढली आणि ती सगळ्यांसाठी विनामूल्य ठेवली. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे करावं लागलं, याचं वाईट वाटतं आणि त्याच्याबद्दल आदरही वाटतो.

भारतातले त्वचारोगतज्ज्ञ रोज सावळीच त्वचा पाहतात, ही आपली जमेची बाजू आहे. त्यांच्याकडे डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा जवळून पाहायचं छोटं भिंग, असेल तर आणखी चांगलं. तळव्यावर बोटांच्या ठशांसारखे उंचवटे आणि चऱ्या असतात. निरुपद्रवी तिळाचा रंग चऱ्यांत भरतो, मेलानोमाचा उंचवट्यांवर. जपानच्या तोशिआकी साइदा यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की मेलानोमा नसलेल्या जवळपास ९९ टक्के डागांत उंचवट्यांवरचा रंग ही खूण दिसत नाही. जमिनीवर बसवून पाय उलटून पाहणारा डॉक्टर आणि हातातलं छोटं भिंग, एवढ्यावर बरंच काम होतं.

१३. नव्या इम्युनोथेरपीने मेलानोमा बरा होतो म्हणतात. ॲक्रललाही तेवढीच लागू पडते का?

तेवढी नाही. २०११ नंतर आलेल्या या औषधांनी पसरलेल्या मेलानोमाचं चित्र बदललं, हे खरं. ती शरीराच्या पहारेकऱ्यांना जागं करतात, आणि गाठीत बारीक जनुकीय बदल जितके जास्त तितकी ती परकी म्हणून ओळखू येते. ॲक्रलमध्ये हे बदल कमी (प्रश्न ४), म्हणून ओळख पटणं अवघड. जपानमधल्या २१ रुग्णालयांच्या अभ्यासात एकट्या इम्युनोथेरपीने गाठ लक्षणीय आकसलेल्यांचं प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास होतं. नखाखालच्या गाठींत त्याहून बरंच कमी.

बी-रॅफ या जनुकावर चालणाऱ्या गोळ्यांचंही तसंच आहे. उन्हाच्या मेलानोमांत हा बदल निम्म्या रुग्णांत सापडतो, ॲक्रलमध्ये थोड्यांतच. उलट ॲक्रलच्या काही रुग्णांत किट या जनुकाचा बिघाड असतो आणि त्यांच्यातल्या काहींना इमॅटिनिब ही गोळी उपयोगी पडते. रक्ताच्या एका कॅन्सरसाठी ती भारतात वर्षानुवर्षं वापरली जाते, स्वस्तही मिळते. म्हणून आजार पसरला असेल, तर गाठीच्या जनुकांची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

इथेही विषमता आहेच. ज्या मोठ्या चाचण्यांवरून ही औषधं मान्य झाली, त्यांतले बहुतेक सगळे रुग्ण गोरे होते आणि ॲक्रलचे मोजकेच. ज्यांना औषध कमी लागू पडतं, त्यांच्यावर ते कमी तपासलं गेलं. भारतात त्यावर किमतीची भर पडते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाची अवघी २० मिलिग्रॅमची मात्रा देऊन उपयोग दाखवला. तो निष्कर्ष मेलानोमाला जसाच्या तसा लावता येत नाही, पण हा विचार इथल्या रुग्णांकडे पाहून झालेला आहे आणि तसा विचार या आजारातही व्हायला हवा.

१४. सुई किंवा सुरी लावली की कॅन्सर पसरतो, म्हणून आमच्याकडे बायॉप्सीला नकार देतात.

ही भीती खरी आहे, तिच्यामागचं कारण खरं नाही. मेलानोमात बायॉप्सीने जगण्यावर वाईट परिणाम होतो, असं आढळलेलं नाही. उशिराने मात्र नक्की होतो. नखाच्या बाबतीत तुकडा नखाच्या मुळाखालच्या भागातून घ्यावा लागतो आणि ते कसबाचं काम आहे. पूर्वी केलेला डॉक्टर शोधा. लवकर सापडलं, तर पुष्कळदा नखाची जागा काढून बोट वाचवता येतं. अंगठा गमावण्याची भीती वाटत असेल, तर तो वाचवण्याचा रस्ता लवकर केलेल्या बायॉप्सीतूनच जातो.

१५. मग सनस्क्रीन लावायचं की नाही?

तळव्यासाठी नाही. गडद त्वचेच्या लोकांना "मेलानोमा टाळायचा तर सनस्क्रीन लावा" असं सांगणं दिशाभूल करणारं आहे, कारण माणूस क्रीम लावून निश्चिंत होतो आणि पाय पाहत नाही. वांग, उन्हाने काळवंडणं यांसाठी लावायचं असेल तर जरूर लावा.

दोन अपवाद. एक लहानसा: नखाखालच्या काही थोड्या गाठींत अतिनील किरणांच्या खुणा सापडल्या आहेत. दुसरा फार मोठा: ज्यांना जन्मतः रंगद्रव्य नसतं किंवा फारच कमी असतं, त्या माणसांची त्वचा, मग ती टांझानियातली असोत की महाराष्ट्रातली, उन्हात खरोखर उघडी पडते आणि त्यांना त्वचेचे इतर कॅन्सर तरुणपणीच होतात. त्यांच्यासाठी टोपी, लांब बाह्या आणि सनस्क्रीन ही औषधाइतकी गरजेची गोष्ट आहे. काळ्या आई-वडिलांच्या पोटी जन्मलेलं हे मूल 'काळा समाज' या एका रकान्यात मोजलं गेलं, की त्याची गरज त्या सरासरीत दिसेनाशी होते.

१६. सगळे आकडे अमेरिकेचेच का? आपले कुठे आहेत?

वंशानुसार नोंद ठेवण्याची पद्धत अमेरिकेत आहे, म्हणून विषमता तिथे मोजता येते. भारतातही कॅन्सर नोंदणी जुनी आहे: मुंबईत १९६३ पासून, आणि देशातली पहिली ग्रामीण नोंदणी आपल्याच सोलापूर जिल्ह्यात बार्शीला, १९८७ पासून. या नोंदण्यांवरून एवढं कळतं की मेलानोमा आपल्याकडे फार कमी आहे, वर्षाला लाखामागे एकापेक्षाही कमी.

पण पुढचं कळत नाही. जगभर वापरल्या जाणाऱ्या रोगसंकेतांत खुब्यापासून तळपायापर्यंत सगळ्या पायाच्या मेलानोमाला एकच क्रमांक आहे. मांडीवरचा आणि टाचेवरचा, दोन्ही एकाच रकान्यात. प्रकार वेगळा लिहिला गेला तरच ॲक्रल वेगळा काढता येतो. रुग्णालयांच्या अनुभवातून मात्र हे दिसतं की भारतात मेलानोमा सापडतो तो बहुधा तळपायावर, नखाखाली, किंवा तोंड-गुदद्वाराच्या आतल्या अस्तरात. बार्शीच्या एखाद्या कार्यकर्त्याने फॉर्मवर 'टाच' हा शब्द लिहिला, तर तो पुढे कुठेतरी जपला गेला पाहिजे.

१७. आम्ही न्यू जर्सीत राहतो. फॉर्मवर 'एशियन' वर खूण करतो. मग हे आशियाई आकडे आमचे आहेत का?

अर्धवट तुमचे. त्या एका रकान्यात जपानी, चिनी, फिलिपिनो, व्हिएतनामी, भारतीय आणि अनेक अभ्यासांत हवाई-सामोआचे लोकही एकत्र असतात. उत्पन्न, विमा, भाषा, त्वचेचा रंग, सगळं वेगळं. तिथल्या भारतीयांचं सरासरी उत्पन्न जास्त आहे, म्हणून आपण सुरक्षित, असं धरून चालू नका. एकुणात दिसणारी ७० टक्क्यांची रेघ कोणामुळे खाली आली, हे त्या आकड्यात दिसत नाही. फॉर्मवर उपगट विचारला असेल, तर 'एशियन इंडियन' ही खूण आळस न करता करा. आणि वार्षिक तपासणीत बूट-मोजे काढायला कुणी सांगितलं नाही, तर स्वतः काढा.

१८. मोबाइलवर फोटो काढून ॲपला विचारलं तर?

भरवसा ठेवू नका. टेक्सासचे त्वचारोगतज्ज्ञ अडेवोले अडमसन यांनी २०१८ मध्येच लिहिलं होतं की गोऱ्या त्वचेच्या चित्रांवर शिकवलेलं यंत्र गडद त्वचेवर चुकेल. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने वेगवेगळ्या रंगांच्या त्वचेची चित्रं देऊन तपासलं, तेव्हा तसंच घडलं. फोटो मात्र जरूर काढा. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, त्याच उजेडात, दर महिन्याला. डाग वाढतोय का, हे डॉक्टरांना शब्दांपेक्षा त्यावरून लवकर कळतं.

१९. आई गावी एकटी असते आणि "काही दुखत नाही" म्हणून पाय दाखवायला तयार नाही. काय करू?

न दुखणं हा दिलासा नाही. सुरुवातीला ही गाठ दुखतच नाही. दुखेपर्यंत ती खोल गेलेली असते. तिला कॅन्सरचं नाव सांगून घाबरवण्याऐवजी व्हिडिओ कॉलवर तळपाय खिडकीकडे करायला सांगा, किंवा गावातल्या आशाताईंना घरी गेल्यावर एकदा पाहायला सांगा. डाग सापडला, तर थेट जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात न्या. केसपेपरवर डाग पहिल्यांदा कधी दिसला ती तारीख, आणि तोवर त्यावर काय काय लावलं ते लिहून घ्या.